लोसाच्या बेटाचा हेवा

कुवेतमध्ये दिवाळी उलटली, की थोड्याच दिवसांत वाळवंटात तंबू दिसायला लागतात. सगळा उन्हाळा तव्यासारखी तापलेली ती जमीन एकाएकी माणसाळते. शुक्रवारी गाडी काढून शहराबाहेर पडलं, की पांढऱ्या कनाती, धुराच्या बारीक रेघा, वाळूत उभ्या असलेल्या मोठमोठ्या गाड्या आणि मधूनच एखादा उंट, असं सगळं पसरलेलं असतं. हवेला ओल्या मातीचा नाही, पण निवलेल्या मातीचा वास येतो. लोकांची मनं या वासाने प्रसन्न होतात. परवा पहिला तंबू दिसला आणि माझ्या मनात मात्र नेहमीचं काहीतरी कुरतडायला लागलं. कुवेतच्या थंडीत लोक स्वेटर बाहेर काढतात, मी हेवा बाहेर काढते.

हा हेवा कुणाच्या घराचा, दागिन्यांचा किंवा मुलांच्या मार्कांचा नाही. तसले हेवे मी करून बसले, त्यांची धार आता गेली. हा हेवा एका देशाचा आहे. पॅसिफिक महासागरात, नकाशावर शाईचा चुकून शिंतोडा उडावा तसा दिसणारा तुवालू नावाचा देश. आणि नेमकं सांगायचं तर त्या देशाच्या राजकारणाचा. राजकारणाचा कुणी हेवा करतं का, असं सुहास, म्हणजे माझा नवरा, मला विचारतो. मी करते.

या तुवालूची लोसा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. महबूलाच्या आमच्या इमारतीत मल्याळी आहेत, फिलिपिनो आहेत, इजिप्तची दोन कुटुंबं आहेत. पण लोसा कुठली हे कुणालाच ओळखता आलं नव्हतं. रुंद खांदे, दाट कुरळे केस, केसांत कानावर खोचलेलं प्लॅस्टिकचं फूल. जवळच्या दवाखान्यात ती नर्स होती. तिचा नवरा इओसेफा बंदरात टगबोटीवर होता, तेलाची मोठी जहाजं धक्क्याला आणणाऱ्या त्या लहान, दांडग्या बोटींवर. मुलं फिजीमध्ये आजीपाशी शिकत होती.

पहिल्यांदा ती आमच्याकडे आली ती माझ्या मुलीला, ओवीला, कांजिण्या झाल्या तेव्हा. लिफ्टमध्ये मला रडवेली बघून तिने हिंदीत विचारलं, "का होइस, दीदी?" मी चमकलेच. फिजीतल्या नर्सिंग कॉलेजात तिच्या मैत्रिणी उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, गिरमिटियांच्या, नाती-पणत्या होत्या, त्यांच्याकडून ती हिंदी शिकली होती. त्या हिंदीला भोजपुरीची चव होती आणि वर समुद्राचा वारा. पुढे आमचं सगळं बोलणं या हिंदीत आणि दोघींच्या तुटपुंज्या इंग्रजीत होत राहिलं.

मी देवगडकडची. आमची वाडी खाडीच्या तोंडाशी. लोसाला आमच्याकडे नारळ दिसला आणि तिने तो माझ्या हातातून काढूनच घेतला. बकाल्यातून, म्हणजे खालच्या किराणा दुकानातून, आणलेला तो वाळका, केविलवाणा नारळ तिने दोन फटक्यांत फोडला, खोबरं खवून त्याचं दूध काढलं आणि माशावर ओतलं. "तुमच्याकडे हे करतात?" मी विचारलं. तिने मला तेच विचारलं. त्या दिवसापासून शुक्रवारचं जेवण आमच्या दोन दारांच्या मध्ये कुठेतरी व्हायला लागलं.

मी अर्दियाला पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या टाक्यांतलं, टँकरमधलं, कारखान्यांतलं पाणी बाटल्यांतून येतं. त्यात काय आहे आणि काय नको ते आम्ही सांगतो. लोसाला याचं भारी कौतुक. त्यांच्या बेटावर नदी नाही, ओढा नाही. छपरावरून पावसाचं पाणी टाकीत पडतं, ते प्यायचं. पाऊस लांबला की दवाखान्यातल्या नर्सलाही हात धुताना विचार करावा लागतो. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. आपण आपल्या घरातला गळका नळ सांगावा तसं सांगे.

तंबूंच्या दिवसांतलाच एक शुक्रवार होता. सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलं होतं. लोसा माझ्याकडे कांदे चिरत बसली होती आणि तिचा फोन वाजला. तिचा मामा. तिकडे संध्याकाळ झाली होती. हात कांद्याचे, म्हणून तिने फोन तसाच ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. मामाच्या आवाजामागे मला लाटा ऐकू येत होत्या, कुणीतरी हसत होतं, एक डुक्कर ओरडत होतं. त्यांचं बोलणं मला कळत नव्हतं. पण लोसाची सुरी हळूहळू थांबली ते मी बघितलं.

फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले. म्हटलं कांद्याने असेल. मग ती म्हणाली, "ते म्हणतात, तू उभी राहा."

"कुठे उभी राहा?"

"पार्लमेंटला."

मी हसले. मला वाटलं, गंमत आहे. ती हसली नाही.

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे पक्ष नाहीत. एकही नाही. बेटावर एक मोठं सभागृह असतं, भिंती नसलेलं, खांबांवर उभं. त्यात वडीलधारी माणसं खांबाला टेकून बसतात आणि बोलतात. बोलून झालं की पुन्हा बोलतात. बेटावरून दोन माणसं निवडून राजधानीला पाठवायची असतात. सगळ्या बेटांची माणसं तिथे जमली, की ती आपल्यातूनच पंतप्रधान निवडतात. यंदा त्यांच्या बेटाचा एक म्हातारा सभासद निवृत्त होणार होता. बेटाच्या दवाखान्यात नवी टाकी हवी होती, कायमची नर्स हवी होती. सभागृहात कुणीतरी म्हणालं, नर्सलाच पाठवू या की. मग लोसाचं नाव निघालं. ती तिथे नसूनही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, महबूलाच्या एका स्वयंपाकघरात ती कांदे चिरत असताना तिच्या गावाने तिला हाक मारली होती.

मतदार किती, असं मी विचारलं. तिने सांगितलेला आकडा ऐकून मला आमच्या वाडीतल्या मोठ्या लग्नाची पंगत आठवली. साधारण तेवढीच पानं.

हेवा म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. तो छातीत होत नाही, घशात होतो. गिळताना अडकतो. कुणीतरी कुणाला तरी म्हणतं, आम्हाला तू हवीस. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने म्हटलं असेल, ओवीने लहानपणी म्हटलं असेल. गावाने नाही, शहराने नाही, आणि देशाने तर नाहीच.

आमचं राजकारण कसं असतं ते त्या संध्याकाळी मी नव्याने बघितलं. सुहासने टीव्ही लावला होता. पडद्यावर आठ चौकटींत आठ माणसं एकाच वेळी बोलत होती आणि सुहास नववा होता. त्याचे दोन जवळचे मित्र, दोघेही पुण्याचे इंजिनिअर, कुठल्याशा पक्षावरून भांडून महिनोन्महिने एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांपैकी एकानेही कुवेतला आल्यापासून मत दिलेलं नव्हतं. मत द्यायला तिकडे जायला हवं, आणि रजा मिळते ती आंब्यांच्या किंवा लग्नाच्या वेळी. इथे आम्ही इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहणारी माणसं. इकामा आहे तोवर राहायचं, संपला की जायचं. इथल्या कारभारात आमचा शब्द असायचं कारण नाही. म्हणजे या गावात आमचं काही नाही आणि त्या गावात आम्ही नाही. तरी रोज संध्याकाळी आवाज बसेपर्यंत राजकारण करायचं.

बाबा ग्रामसभेला जायचे ते मला आठवतं. शाळेच्या पडवीत सभा भरायची. पुरुष सतरंजीवर, बायका बाहेर चिंचेखाली, त्याही चार-दोन. मी बाबांचा हात धरून गेले होते. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं होतं आणि आई रोज ते बोलून दाखवायची. सभेत विहिरीचं कुणी काढलंच नाही. परतताना मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, ते आपण बोलायचं नसतं, ते बोलणारे वेगळे. आणि मी खरंच वेगळी झाले. पाण्याचं शिकले आणि दुसऱ्यांचं पाणी तपासायला समुद्र ओलांडून आले.

लोसाने होकार कळवला नव्हता. मधे इओसेफा होता. त्याला ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. त्यांच्या देशाच्या माणसांसाठी तिकडे जायची वाट उघडत होती, आणि त्याच्या मते शहाण्या माणसाने आता त्याच रांगेत उभं राहावं. समुद्र वर येतोय, मुलं मोठी होताहेत, बेटावर परत जाऊन करायचं काय, असा त्याचा सवाल होता. तो चुकत होता असं मला वाटत नाही. त्याच्या जागी सुहास असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं, आणि मी ते ऐकलं असतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोन्ही कुटुंबं वाळवंटात गेलो. आमचा काही मोठा तंबू नव्हता. एक चटई, एक शेगडी, थर्मासमधला चहा. दूरवर कुवेती लोकांच्या कनातींतून मांस भाजल्याचा वास येत होता. ओवी मोबाईलवर तुवालूचा नकाशा मोठा करून बघत होती. कितीही मोठा केला तरी समुद्रच दिसत होता. "ममा, देअर इज नथिंग हिअर," ती म्हणाली. लोसाने तिच्या हातातून मोबाईल घेतला, एका निळ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथे माझी शाळा आहे.

मग ती उठली, चपला काढल्या आणि एका उंचवट्यावर जाऊन उभी राहिली. म्हणाली, मी बोलून बघते, तुम्ही ऐका. आणि तिने तिच्या भाषेत भाषण केलं. आम्हाला अक्षर कळलं नाही. आवाज चढवला नाही, हात उडवले नाहीत. स्वयंपाक करताना बोलावं तसं ती बोलत होती. मधेच थांबून एखाद्याकडे बघत होती, जणू वाळूवर तिच्या बेटावरची माणसं बसली आहेत आणि तिला प्रत्येकाची जागा ठाऊक आहे. इओसेफा तिच्याकडे पाठ करून शेगडी फुंकत होता. निखारे केव्हाच फुलले होते, तरी फुंकत होता.

भाषण संपल्यावर तो न वळताच इंग्रजीत म्हणाला, "आणि तू हरलीस तर?"

"तर मी हरले हे सगळ्यांना कळेल," लोसा म्हणाली. "नाही गेले तर मी घाबरले हे सगळ्यांना कळेल. त्यातलं कुठलं घेऊन तुला मुलांसमोर बसायचंय ते सांग."

त्याने शेगडीवरचा मासा उलटला. मग म्हणाला, की भाषणात तिने त्याच्या काकांचं नाव आधी घ्यायला हवं, ते वयाने मोठे आहेत. लोसा खाली आली आणि त्याच्या शेजारी बसली. सुहासने मला कोपराने ढोसलं, म्हणजे किती छान ना अशा अर्थाने. मी चहा ओतत राहिले. मला काहीही छान वाटत नव्हतं. ज्या भाषणातली चूक नवऱ्याला काकांच्या नावावरून कळते, तसं भाषण मला आयुष्यात कधी करता येणार नव्हतं.

दवाखान्यातून रजा काढून ती गेली. फिजीपर्यंत विमान, तिथून राजधानीला लहान विमान, आणि तिथून पुढे बोट, कारण तिच्या बेटावर विमान उतरतच नाही. मधूनमधून तिचे निरोप यायचे. आज अमक्याच्या घरी जेवले. आज तमक्याने मला ओळखलंच नाही, मी जाड झाले म्हणतो. एकदा सभागृहाचा फोटो आला. खांबाखांबाला टेकलेली माणसं, मधे चटया, चटयांवर पंख्याने वारा घेत बसलेल्या बायका, आणि कडेला उभी आमची लोसा, आता खऱ्या फुलांचा मुकुट घातलेली. तो फोटो मी सुहासला दाखवला, ओवीला दाखवला, लॅबमध्ये दाखवला. सगळ्यांना वाटलं मला तिचा अभिमान आहे. एकटी असताना मी तो मोठा करून बघायचे आणि त्यातल्या बायका मोजण्याऐवजी त्यांचे चेहरे बघायचे. त्या बोलणाऱ्याकडे बघत होत्या. कुणीही चिंचेखाली बसलेलं नव्हतं.

ती हरली. थोड्या मतांनी. तिने आवाजी निरोप पाठवला होता, वाऱ्याने अर्धा खाल्लेला. मी तो अर्दियाच्या लॅबमध्ये, नमुन्यांच्या बाटल्यांसमोर उभी राहून ऐकला. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी जरा हायसं वाटलं. आता ती परत येईल, पुन्हा आपल्यासारखी होईल, असं वाटलं. हेवा करणाऱ्याला एवढंच हवं असतं, दुसऱ्याने परत आपल्या बाकावर येऊन बसावं.

ती परत आली तेव्हा वाळवंटातले तंबू निघायला लागले होते. मी तिच्यासाठी सोलकढी करून ठेवली होती, सांत्वनाची वाक्यंही मनात जुळवली होती. ती आली, जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. सांत्वनाला जागाच नव्हती.

तिची सख्खी मावशी तिच्या बाजूने नव्हती. शाळेतल्या बाईंनीही मत दिलं नाही. ज्या बाईचं बाळंतपण तिने विद्यार्थिनी असताना केलं होतं, ती तर उघड सांगत होती, की लोसा चांगली आहे पण फार दूर राहिली. मी म्हटलं, मत गुप्त असतं ना तुमच्याकडे?

"गुप्त असतं," ती म्हणाली. "पण रस्त्यात माझ्याकडे बघून हसायचं कोण टाळतंय, ते कसं गुप्त राहणार? रस्ता एकच आहे."

निकालानंतर ती त्या प्रत्येकीच्या घरी जाऊन जेवली. मावशी रडली. बाईंनी तिला परीक्षेत नापास केल्यासारखं समोर बसवून कुठे चुकलं ते सांगितलं. जो जिंकला तो निवृत्त खलाशी, इओसेफाच्या काकांच्या शेजारचा. तो राजधानीला निघायच्या आधी लोसाकडे आला आणि म्हणाला, टाकीचं मला नीट समजावून सांग, तिकडे मला विचारतील. तिने सांगितलं. दोघं धक्क्यावर बसून बोलत होती, कारण बोट आलीच नव्हती. समुद्र खवळला होता. दूरच्या बेटांवरचे निवडून आलेले सभासद आपापल्या धक्क्यांवर अडकले होते आणि ते पोचेपर्यंत पंतप्रधान निवडता येत नव्हता. एका देशाचं सरकार लाटा उतरायची वाट बघत बसलं होतं, आणि हरलेली लोसा जिंकलेल्या माणसाला पाण्याची टाकी शिकवत होती.

हे ऐकताना माझा हेवा पुन्हा उसळला, आधीपेक्षा जास्त. ती जिंकली असती तर मी तिच्या खुर्चीचा हेवा केला असता आणि तो पुढे-मागे विरला असता. पण मला तिच्या हरण्याचाच हेवा वाटत होता. तिला मत न देणारा प्रत्येक माणूस तिला नावानिशी माहीत होता, आणि त्या प्रत्येकाकडे तिचं जेवण झालं होतं. माझ्या विरुद्ध आजवर कुणी मत दिलेलं नाही. तेवढी मी कुणाच्या हिशेबातच नाही.

त्यानंतर ती आणखी एक वर्ष इथे राहिली. मग बेटावर टाकी झाली, नर्सची जागाही भरायची ठरली, आणि त्या खलाशानेच तिला फोन करून बोलावलं. इओसेफा कुरकुरला. ऑस्ट्रेलियाचा नाद त्याने अजून सोडलेला नाही, म्हणतो मुलं मोठी झाली की बघू. पण बंदरातला करार संपल्यावर तोही गेला. समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक श्रीलंकेचं कुटुंब आहे. चांगली माणसं आहेत. आम्ही एकमेकांकडे बघून हसतो.

यंदा पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही एप्रिलच्या शेवटी गावी गेलो; माझं सासर आणि माहेर एकाच गावात. एक मेला ग्रामसभा होती, शाळेच्या त्याच पडवीत. घरात कुणाला न सांगता मी गेले. सभेच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी बाटलीत भरून नाकाशी धरलं होतं, जिभेवर घेतलं होतं. तपासायला यंत्राची गरजच नव्हती, खाडी आत आली होती. चिंचेचं झाड आता नाही. बायका सतरंजीवर बसतात, बऱ्याच होत्या. सरपंच माझा चुलतदीर, माणूस हसतमुख. पाण्याचा विषय निघाला नाही तेव्हा मी उभी राहिले. मी म्हटलं, सार्वजनिक विहिरीत खारं पाणी उतरलंय, ते तपासून घ्यायला हवं, मी स्वतः मदत करीन, मी हेच काम करते.

सगळ्यांनी वळून बघितलं. सरपंच हात जोडून म्हणाला, "वैनी, तुमी पावण्या. चार दिवस सुखान रवा. ह्या आमी बघतो. बसा, चाय घेवा." आणि त्याने खरंच आतून चहा मागवला, पहिला कप मला दिला. तो टाकून बोलला नव्हता. मायेनेच बोलला होता. मी बसले आणि चहा प्यायले. पुढचा विषय रस्त्याच्या डांबराचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पडवीत फणसाचे गरे काढता काढता, मी लोसाला फोन लावला. रेंज येत-जात होती. मी तिला सगळं सांगितलं. उभी कशी राहिले, काय बोलले, तो काय म्हणाला. म्हटलं, त्यांनी मला पाहुणी म्हटलं, म्हणून बसवलं.

मग तिच्या त्या खारट हिंदीत तिचा आवाज आला. खरंच बुचकळ्यात पडल्यासारखा.

"पण दीदी, पाहुणी म्हटल्यावर बसवतात कसे? आमच्या सभागृहात पाहुणा आला तर त्याला सगळ्यात आधी बोलायला उभं करतात. तो लांबून आलेला असतो ना, त्याचं ऐकल्याशिवाय आम्हाला जेवताच येत नाही."

हाताला फणसाचा चीक लागला होता, तो तेल लावून काढत राहिले. आतून सासूबाई विचारत होत्या, कुणाचा फोन म्हणून. मी म्हटलं, मैत्रिणीचा. आणि तो शब्द तोंडातून निघतानाही मला तिचा इतका हेवा वाटत होता, की गरा जिभेवर असून गोड लागेना.